न फुटणारी पट्टी

नव्या गोष्टीला पैसे मिळतात, जुन्या गोष्टीला मिळत नाहीत, हे संस्थेतल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं. दवाखाना बांधायचा म्हटलं की देणगीदारांचा हात सैल होतो; त्याच दवाखान्यातला बल्ब बदलायचा म्हटलं की समोरचा माणूस घड्याळ बघतो. त्यात दुष्टपणा काही नसतो. बल्बचं उद्घाटन करता येत नाही, एवढंच.

संस्था लहान होती. तिची सगळी मालमत्ता म्हणजे एक चार मजली इमारत. पूर्वी तिथे मोज्यांचा कारखाना होता. कारखाना बुडाल्यावर ताईंनी खटपट करून ती पदरात पाडून घेतली, आत भिंती घालून खोल्या केल्या आणि शहरात राबणाऱ्या, पण शहरात राहणं न परवडणाऱ्या चाळीसेक कुटुंबांना त्या अगदी कमी भाड्याने दिल्या. अर्जांमध्ये आणि अहवालांमध्ये इमारतीचं नाव 'सन्मान निवास' होतं. राहणारे तिला 'मोजा' म्हणत. "कुठे राहता?" "मोज्यात." यात कोणाला काही वावगं वाटत नसे, फक्त नवीन पोस्टमन दोन दिवस गोंधळायचा.

तळमजल्यावर संस्थेचं ऑफिस होतं आणि त्यात तीन माणसं. एक ताई; त्या सगळ्यांच्या ताई होत्या, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या माणसांच्याही. दुसरा कवी. त्याने आयुष्यात एकही कविता केलेली नव्हती. तो देणगीसाठी अर्ज लिहायचा. एकदा तुंबलेल्या संडासांच्या कामाला त्याने 'सन्मानाच्या दिशेने जलप्रवाहाचं पुनर्कल्पन' असं म्हटलं होतं आणि चक्क पैसे आले होते. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच.

तिसरा व्यवस्थापक. गळतं ते बांधायचं, तुंबतं ते मोकळं करायचं, भाडं गोळा करायचं आणि जिन्यात चपला कोणी कुठे काढायच्या यावरची भांडणं मिटवायची, हे त्याचं काम. पण असल्या कामाला कुठलंच प्रतिष्ठान पगार देत नाही. त्यामुळे काम तेच राहायचं आणि पद दर वर्षी बदलायचं. एका वर्षी तो 'समुदाय सक्षमीकरण समन्वयक' होता. पुढच्या वर्षी 'हवामान सज्जता अधिकारी' झाला. त्या वर्षी त्याने सगळ्यात जास्त संडास उपसले. सध्या तो 'नागरी उद्यान मार्गदर्शक' होता, कारण गच्चीवर बाग व्हायची होती.

बागेचं सांगण्याआधी खांबाचं सांगायला हवं.

तळमजल्यावर लांबट, अंधारा बोळ होता. त्यात दोन नंबरच्या खोलीच्या दाराला लागून एक जाडजूड खांब होता. कारखान्याच्या काळापासून वरचे सगळे मजले त्याच्या डोक्यावर होते. या खांबाला एक तडा गेला होता. तडा कधी गेला हे कोणी सांगू शकत नव्हतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकू कमी येऊ लागतं ते जसं एखाद्या दिवशी सगळ्यांच्या एकदम लक्षात येतं, तसा तो लक्षात आला.

ताईंच्या कॉलेजातला एक मित्र इंजिनिअर होता. तो जुन्या ओळखीखातर फुकटात येऊन बघून गेला. तड्यावरून बोट फिरवता फिरवता तो गप्प झाला, आणि गप्प होण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. मग म्हणाला, "याला लोखंडी आधार द्यायला लागणार. लवकर. आणि तोपर्यंत तड्यावर आडवी काचेची पट्टी बसवा. दोन्ही टोकं सिमेंटने घट्ट. काच आहे तशी राहिली तर तडा थांबलाय. फुटली तर चालू आहे. फुटली की मला कळवा."

आधार देणं म्हणजे दुरुस्ती, आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. पण काचेच्या पट्टीकडे बघता बघता कवीच्या डोळ्यांत चमक आली. तडा बुजवणं जुनं होतं. तड्याकडे बघत राहणं नवीन होतं. त्याने 'जुन्या वास्तूंचं लोकसहभागी निरीक्षण' असा अर्ज लिहिला. एका प्रतिष्ठानाने तो कौतुकाने मंजूर केला. अटी नेहमीच्याच होत्या. दर महिन्याला पट्टीचा फोटो पाठवावा. प्रकल्पातली सगळी उपकरणं सतत चालू स्थितीत ठेवावीत. मोडतोड झाल्यास उपकरण तातडीने बदलावं.

पट्टी बसवली. काही आठवड्यांनी ती फुटली. व्यवस्थापकाने ती तातडीने बदलली.

इथे कोणी हसू नये. ज्या माणसाने पंधरा वर्षं अटी पाळून पगार मिळवला, त्याला फुटलेली काच म्हणजे मोडलेलं उपकरण असंच दिसणार. दर महिन्याला फोटो गेला आणि दर फोटोत पट्टी अखंड होती, कारण ती आदल्या दिवशीच बसवलेली असायची. इंजिनिअर एव्हाना परदेशी गेला होता. त्याच्या जागी दुसऱ्याला बोलवायचं तर ते सल्ला शुल्क, आणि सल्ला शुल्क म्हणजे संस्था चालवण्याचा खर्च, आणि तो तर कोणीच देत नाही. मग प्रतिष्ठानातूनच एक सौम्य पत्र आलं: काचा वारंवार मोडताहेत, त्यामुळे अधिक टिकाऊ साहित्याचा विचार व्हावा.

विचार झाला. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणली. लवचीक, मजबूत, दिसायला हुबेहूब काच.

त्यानंतर एकही पट्टी फुटली नाही. प्रतिष्ठानाने अभिनंदनाचं पत्र पाठवलं. ताईंनी ते फ्रेम करून ऑफिसच्या भिंतीवर लावलं. ती फ्रेम अलीकडे सारखी तिरपी व्हायची. व्यवस्थापकाने दोनदा खिळा बदलला.

हे सगळं त्याला कळत नव्हतं असं नाही. पण कळणं आणि बोलणं यांच्यामध्ये त्याच्या आयुष्यात नेहमीच एखादी कमिटी बसलेली असायची.

दोन नंबरच्या खोलीत त्याची आत्या राहायची. त्याची आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे. त्याला वाढवलं ते आत्याने. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. उभं आयुष्य लोकांच्या लाइनी जोडण्यात गेलं, आणि निवृत्त झाल्यावर स्वतःला जोडून घ्यायला कोणी उरलं नव्हतं. तेव्हा व्यवस्थापकाने तिला रीतसर यादीत नंबर लावून मोज्यात खोली मिळवून दिली. आयुष्यात त्याने मनापासून अभिमान बाळगावा अशी ही एकच गोष्ट होती. त्या नोकरीच्या दोन सवयी आत्याला राहिल्या होत्या. ऐकताना ती मान जराशी उजवीकडे झुकवायची, आणि समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची नाही.

एका दुपारी तो तिच्या दाराला रंधा मारत होता, कारण दार चौकटीत बसत नव्हतं.

"मागच्या महिन्यात पण मारला होतास," आत्या म्हणाली. "असाच तासत राहिलास तर शेवटी कडी तेवढी उरेल."

"लाकूड फुगतं गं हवेने."

"लाकूड फुगलं का चौकट दबली?"

त्याने भुसा फुंकला.

"ठोंब्या," आत्या म्हणाली. लहानपणापासून ती त्याला हेच म्हणायची. त्याचं लग्न झालं, केस पिकले, पदं बदलली, हे एक नाव कायम राहिलं. "तो खांब आवाज करतो."

"कसला?"

"घसा साफ केल्यासारखा. दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. आणि घसा साफ करणारा माणूस पुढे काहीतरी बोलतोच."

"पाइप असेल."

"पाइपचा आवाज मला पाठ आहे. पाइप रडतो. हा रडत नाही." तिने चहाचा कप त्याच्यापुढे केला. चहावर पिठासारखी बारीक भुकटी तरंगत होती. "हे बघ. दूध नाही, साय नाही. वरून येतंय. मी रोज चमच्याने काढते आणि पिते. म्हणजे थोडा थोडा मोजा माझ्या पोटात जातोय."

तो कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आत्या, चार दिवस आमच्याकडे राहायला ये ना."

"तुझ्या बायकोने बोलावलंय?"

"मी बोलावतोय."

"म्हणजे नाही बोलावलेलं. का पण एकदम?"

"सहजच."

"कान सोड आधी."

त्याने हात खाली घेतला. खोटं बोलताना तो लहानपणापासून उजव्या कानाची पाळी ओढायचा, आणि हे त्याच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं.

"मी गेले तर ही खोली कोणाला मिळेल?" आत्याने विचारलं.

"यादीत आता त्या नर्सबाई आहेत. जुळी मुलं आहेत त्यांना."

"मग त्यांना काय सांगशील? हवेशीर आहे, खांबाची सोबत आहे?"

त्याने रंधा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"मी इथेच बरी," आत्या म्हणाली. "मला निदान ऐकू तरी येतं. त्या बिचारीला मुलांच्या आरडाओरड्यात काय ऐकू येणार. ते राहू दे. मला एका शब्दात सांग, या खांबाचं काय आहे?"

"बघतो मी."

"तुझा बापही 'बघतो' म्हणायचा. जन्मभर बघतच होता."

त्या संध्याकाळी तो ताईंसमोर जाऊन उभा राहिला. कवी कोपऱ्यात टाइप करत होता.

"ताई, खांब वाईट आहे."

"किती?" ताईंनी मान वर केली नाही.

"पट्टी वाकलीये."

"फुटली नाही ना?"

"ती फुटत नाही, ताई. म्हणून तर आपण ती आणली."

"अहवालात 'वाकणं' असा रकानाच नाही," कवी माहितीसाठी म्हणाला.

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या फार थकलेल्या दिसायच्या, म्हणून सहसा काढत नसत. "बस. आता मी नगरपालिकेला कळवते. उद्या त्यांचे लोक येतील, दारावर लाल फुली मारतील. परवा सगळे रस्त्यावर. या भाड्यात बाहेर कोणी कोंबड्यांना जागा देत नाही. एवढ्या लोकांना हलवायला पैसे कोण देतं?"

"कोणी नाही," कवी म्हणाला. "पडल्यावर देतात. 'आपत्ती निवारण' म्हणून. चांगले देतात. पडायच्या आधी मात्र नाही."

त्याने हे वाईट हेतूने म्हटलेलं नव्हतं. रेल्वेचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. तरी नंतर थोडा वेळ तिघांनीही एकमेकांकडे बघितलं नाही.

"आणि मी खांब विसरलेय असं वाटतं का तुला?" ताई म्हणाल्या. "दाखव रे त्याला."

कवीने बागेचा अर्ज उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. 'वेलींसाठी तळमजल्यावरील आधाररचना.' व्यवस्थापकाने ती दोनदा वाचली. चौथ्या मजल्याच्या वरच्या बागेतल्या वेलींना तळमजल्यावर आधार कशाला, हे कुठल्याही वेलीने विचारलं असतं. प्रतिष्ठानाने विचारलं नव्हतं.

"लोखंडी आहे," कवी हळूच म्हणाला. त्याला या ओळीचा मनापासून अभिमान होता. "चारही बाजूंनी. वर एखादी वेल सोडू, फोटोपुरती."

"पैसे कधी येणार?"

"शेवटच्या हप्त्यात. उद्घाटन झालं की."

व्यवस्थापक जरा वेळ हिशोब जुळवत राहिला. "म्हणजे खांबाला आधार मिळण्यासाठी आधी खांबाच्या डोक्यावर माती चढवायची."

"तू असं मांडलंस की वाईट दिसतं," कवी दुखावल्यासारखा म्हणाला.

"इतकी वर्षं उभा आहे," ताई म्हणाल्या. "अजून एक महिना उभा राहील." हे त्यांनी व्यवस्थापकाला सांगितलं की भिंतीपलीकडच्या खांबाला विनवलं, ते समजायला मार्ग नव्हता. भिंतीवरची फ्रेम पुन्हा तिरपी झाली होती. ताईंनी उठून बोटाने ती सरळ केली.

माती चढली. कप्पी बांधून गोण्या वर ओढल्या जात होत्या, दिवसभर, खिडक्यांसमोरून. तिसऱ्या मजल्यावर राहणारा बस ड्रायव्हर रात्रपाळी करून दिवसा झोपायचा. तो खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "नळाला पाणी नाही आणि डोक्यावर शेत. उद्या बैलही चढवा." लोक हसायचे. मग हसणं हळूहळू कमी झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडेनाशा झाल्या. एका सकाळी जिन्यातली फरशी मधोमध उलली. व्यवस्थापकाने तिच्यावर पायपुसणं टाकलं. बोळातून जाताना लोक खांबाच्या बाजूने न जाता समोरच्या भिंतीला घासून जायला लागले होते. कोणी तसं ठरवलं नव्हतं, पाय आपोआपच तिकडे वळायचे.

पट्टी फुटली नाही. आता तिच्यात आणि खांबात बोट जाईल एवढी फट होती.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी व्यवस्थापक आत्याकडे गेला. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि छातीवर 'नागरी उद्यान मार्गदर्शक' असा बिल्ला होता.

"काय कापणार आहेत?" आत्याने विचारलं. "फीत?"

"फीत नाही. नळ सोडणार आहेत. बागेला पहिलं पाणी."

"किती पाणी?"

"माती भिजेपर्यंत."

आत्याने मान उजवीकडे झुकवली. ती त्याच्याकडे बघत नव्हती. "भिजलेली माती जड होते."

"हो."

"हे त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय सांगितलंस? तुझे शब्द सांग."

"म्हटलं, खांब वाईट आहे."

"वाईट काय, हवाही असते. तिला कोणी भितं?" ती उठली आणि पलंगाखालून घडीची खुर्ची ओढू लागली. "मी सबंध जन्म लोकांचं बोलणं ऐकत काढला, ठोंब्या. लोक फोन करायचे निरोप द्यायला आणि हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायचे. मला वाटायचं, मध्येच तोंड घालून सांगावं, अहो, ते मेलेत म्हणून सांगा ना त्यांना. नियमात बसत नव्हतं. तुला कुठला नियम आडवा येतोय?"

त्याचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यातच थांबला.

"पडेल, आत्या," तो म्हणाला.

"हां," आत्या म्हणाली. "आता लागली लाइन."

तिने खुर्ची त्याच्या हातात दिली, पिशवीत चष्मा, औषधं आणि नवऱ्याचा फोटो टाकला आणि दार न लावताच बाहेर पडली. दार तसंही लागत नव्हतं. समोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीजवळ तिने खुर्ची मांडायला लावली आणि मोज्याकडे तोंड करून ती बसली.

बस ड्रायव्हर दूध घेऊन येत होता. "काय आत्या, ऊन खाताय?"

"नाही. इमारत बघतेय."

"तीत काय बघायचंय?"

"माझा भाचा म्हणतो, पडेल."

ड्रायव्हरने तिच्यामागे अवघडून उभ्या असलेल्या व्यवस्थापकाकडे बघितलं. या माणसाला 'बघतो' आणि 'कळवतो' याखेरीज काही बोलताना मोज्यात कोणी ऐकलेलं नव्हतं. पाणी कधी येईल हेसुद्धा त्याने कधी ठामपणे सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरने दुधाची पिशवी आत्याच्या मांडीवर ठेवली आणि आत गेला. थोड्या वेळाने तो बायकोला, सासूला आणि झोपेतल्या मुलीला घेऊन खाली आला. त्याच्यामागून शेजारचे आले. मग वरचे. आरडाओरडा झाला नाही. लोक गाद्या, शिलाई मशीन, टीव्ही, पोपटाचा पिंजरा घेऊन उतरत होते आणि उतरताना हळू बोलत होते, आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं.

नेमक्या त्याच वेळी प्रतिष्ठानाच्या अधिकारी बाई आल्या. पांढरे बूट, गोड बोलणं, सोबत एक फोटोग्राफर. ताई आणि कवी त्यांना घेऊन जिना चढू लागले, तेव्हा वरून एक कुटुंब कपाटाचा खण धरून खाली येत होतं.

"किती लगबग आहे," बाई म्हणाल्या. "हे सगळे कुठे निघालेत?"

कवीने कपाटाच्या खणाकडे बघितलं, मग ताईंकडे. "सहभागी होतायत," तो म्हणाला.

जिन्यात ताईंनी कठडा धरला होता. कठडा हलत होता.

व्यवस्थापक बोळात परतला. रिकाम्या इमारतीचा एक वेगळाच आवाज असतो. तो आज पहिल्यांदा त्याला ऐकू आला. वर कुठेतरी पंप सुरू झाला, पाइप नेहमीसारखा रडला आणि पाणी वर चढू लागलं. तो खांबासमोर उभा राहून पट्टीकडे बघत राहिला. पट्टी सावकाश वाकत होती. डोळ्यांना दिसेल इतक्या वेगाने आणि डोळ्यांवर विश्वास बसू नये इतकी सावकाश. तिच्या टोकाकडून सिमेंटचा एक कपचा सुटून त्याच्या बुटावर पडला.

तो रस्त्यावर आला. फुटपाथ भरला होता.

"सगळे आले," ड्रायव्हर म्हणाला. "खोल्या बघून आलो मी."

"आणि गच्चीवर?" आत्याने विचारलं.

"ताई आहेत," व्यवस्थापक म्हणाला. "कवी आहे. त्या बाई आणि फोटोवाला."

आत्याने भाच्याच्या छातीवरचा बिल्ला सरळ केला. लहानपणी शाळेत जाताना कॉलर सरळ करायची, तसा. "मग जा," ती म्हणाली. "आणि जिन्यावर धावू नकोस."

तो धावला नाही. प्रत्येक पायरीवर पाय ठेवण्याआधी तिची परवानगी घ्यावी तसा तो चढला. वर लख्ख ऊन होतं. हिरवी रोपं ओळीत उभी होती, मातीला सुंदर वास येत होता आणि अधिकारी बाई नळावर हात ठेवून फोटोसाठी हसत होत्या. पाणी चालू होतं. पायाखालची गच्ची अगदी किंचित, जेमतेम, एका बाजूला झुकलेली होती; सांडलेलं पाणी सगळंच्या सगळं एकाच कोपऱ्याकडे वाहत होतं, आणि तो कोपरा खांबाच्या डोक्यावर होता.

व्यवस्थापक रोपं तुडवत गेला. त्याने बाईंचा हात बाजूला करून नळ बंद केला.

"अरे," फोटोग्राफर म्हणाला.

"खाली चला," व्यवस्थापक म्हणाला.

"पाच मिनिटं," ताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "फक्त फोटो होऊ दे. हप्ता..."

"ताई, पडेल."

"काय पडेल?" बाईंनी हसत विचारलं.

कवीने तोंड उघडलं. आजवर त्याला कधी शब्द कमी पडले नव्हते. त्याने तोंड मिटलं.

ताई कठड्यापाशी गेल्या आणि त्यांनी खाली बघितलं. त्यांची सगळी माणसं समोरच्या फुटपाथवर होती, गाद्यांवर, पेट्यांवर बसलेली, आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. बाईही त्यांच्याशेजारी आल्या. एवढा समुदाय बघून त्यांचा चेहरा फुलला आणि त्यांनी हात हलवला. खालून एकही हात हलला नाही.

मग ताई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आधी बाई. मग फोटोवाला. मग तू, कवी. एकेक करून जा. पायऱ्यांच्या कडेने. मी शेवटी येते."

ते उतरले. तिसऱ्या मजल्यावर भिंतीतून दाणे सांडल्यासारखा आवाज येत होता. दुसऱ्या मजल्यावर एका उघड्या खोलीत घड्याळ चालू होतं. बोळात बाई थांबल्या. धनुष्यासारखी ताणलेली, पारदर्शक, चकचकीत वस्तू त्यांना दिसली होती.

"हे काय आहे?"

"उपकरण," व्यवस्थापक म्हणाला. "चालू स्थितीत आहे. चला."

ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यांवर पांढरी भुकटी होती. त्यांनी रस्ता ओलांडला, वळल्या आणि इमारतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. व्यवस्थापक रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला न विचारता मोठ्याने म्हणाला, "कोणी आत जायचं नाही. काही राहिलं असेल तर राहू दे."

मोजा उभा होता. खिडक्या उघड्या, दोऱ्यांवर कपडे, गच्चीवर हिरवळ. कुठल्याही अहवालाच्या मुखपृष्ठावर शोभला असता.

बऱ्याच वेळाने बाईंनी हळूच विचारलं, "आज रात्री ही सगळी माणसं कुठे झोपतील?"

"तशी तरतूद नाही," ताई म्हणाल्या.

त्यांच्या मागे कवी काहीतरी पुटपुटत होता. "विस्थापन," तो म्हणाला, जरा थांबून, चव घेतल्यासारखा. "विस्थापन आपण कधी केलेलं नाही, ताई. नवीन आहे."

ताईंनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्या काय बोलल्या असत्या ते कळलं नाही, कारण तेवढ्यात आत्याने खुर्चीतल्या खुर्चीत हात वर केला. पलीकडून आवाज नीट येत नसला की ती एक्स्चेंजमध्ये करायची, तसा. मुलं गप्प झाली. पिंजऱ्यातला पोपटही गप्प झाला. आत्याने मान उजवीकडे झुकवली.

समोर मोज्याने घसा साफ केला.